पहिली सुझुकी लावताना: कृतीतली कुठली ओळ चक्रातल्या कुठल्या पायरीसाठी

एमएस्सी ऑरगॅनिक करून संशोधन प्रयोगशाळेत रुजू झालात, मग ती हिंजवडीतली कंपनी असो, हैदराबादची असो की पीएचडीसाठी गाठलेलं विद्यापीठ, पहिल्या काही महिन्यांत हातात पडणारी रिॲक्शन बहुधा सुझुकी कपलिंगच असते, म्हणजे पॅलेडियमच्या मदतीने बोरॉनवरचा गट आणि हॅलाइडवरचा गट यांच्यात कार्बन-कार्बन बंध जोडणारी रिॲक्शन. परीक्षेत तिचं चक्र, म्हणजे पॅलेडियम कुठल्या पायऱ्यांतून फिरून परत मूळ रूपात येतो ते चित्र, काढलेलं असतं. ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन, ट्रान्समेटलेशन, रिडक्टिव्ह एलिमिनेशन. तीन बाण, गोल पूर्ण, मार्क पूर्ण. मग फ्यूमहूडसमोर सीनियर सांगतात, "नायट्रोजन मार, कॅटॅलिस्ट शेवटी टाक, नव्वदला ठेव," आणि आपण तसं करतो. चक्र वहीतच राहतं.

रिॲक्शन चालते तोवर यात काही बिघडत नाही. ती अडली की पंचाईत होते, कारण काय बदलायचं तेच कळत नाही आणि माणूस लिगँड (धातूला धरून बसणारा रेणू), बेस, सॉल्व्हंट, तापमान सगळं एकदम बदलायला लागतो. म्हणून इथे एक साधी, स्वस्त आणि सहसा न फसणारी सुझुकी घेऊ, ती पायरीपायरीने लावू, आणि प्रत्येक वेळी विचारू की हे चक्रातल्या कशासाठी चाललंय.

सुझुकीच का

पॅलेडियम वापरून कार्बन-कार्बन बंध जोडायच्या रिॲक्शन बऱ्याच आहेत. हेकमध्ये अल्कीन लागतं, सोनोगाशिरात टोकाचा अल्काइन, निगिशीत झिंक, स्टिलेत टिन, कुमाडात ग्रिन्यार. यांपैकी हेक, निगिशी आणि सुझुकी यांना २०१० चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अकिरा सुझुकी आणि नोरिओ मियाउरा यांनी आपलं काम जपानमधल्या होक्काइडो विद्यापीठात केलं आणि ते १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं. सुझुकी आणि निगिशी हे दोघेही त्याआधी अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात एच. सी. ब्राउन यांच्या हाताखाली काम करून आलेले. बोरॉनची गोडी तिथलीच.

नवशिक्यासाठी सुझुकी बरी, याचं कारण बोरॉनिक ॲसिड. ही पांढरी पावडर उघड्या तराजूवर वजन करता येते, पाण्याला घाबरत नाही आणि टिनसारखी विषारी नाही. ग्रिन्यार किंवा झिंकवाल्या कपलिंगला आधी कोरडी उपकरणं, कोरडा सॉल्व्हंट आणि थोडं नशीब लागतं. उद्योगानेही सुझुकी उचलली ती यामुळेच. रक्तदाबावरच्या लोसार्टनचा बायफिनाइल सांगाडा मर्कने विकसित केलेल्या प्रक्रियेत सुझुकीने जोडला जातो. बीएएसएफचं बोस्कॅलिड हे बुरशीनाशकही सुझुकीतूनच मोठ्या प्रमाणावर बनतं.

चक्र, पण हाताला उपयोगी पडेल असं

काम करतो तो शून्य ऑक्सिडेशन अवस्थेतला पॅलेडियम. आपण वापरणार आहोत ते टेट्राकिस, म्हणजे चार ट्रायफिनाइलफॉस्फिन धरून बसलेला पॅलेडियम. त्याच्याभोवती १८ इलेक्ट्रॉन पूर्ण असतात आणि अशा धातूला दुसऱ्या कुणाची गरज नसते. द्रावणात त्यातले दोन फॉस्फिन सुटले की १४ इलेक्ट्रॉनचा, रिकाम्या जागा असलेला पॅलेडियम तयार होतो. खरा कॅटॅलिस्ट हा. पॅलेडियम ॲसिटेटपासून सुरुवात केली तर तो आधी दोनवरून शून्यावर यावा लागतो. हे काम बहुधा फॉस्फिनच करतो आणि त्यात स्वतः फॉस्फिन ऑक्साइड होऊन जातो. अशा कृतींत लिगँड हिशेबापेक्षा थोडा जास्त घेतलेला दिसतो, त्यामागचं एक कारण हे.

पहिली पायरी ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन. पॅलेडियम कार्बन-हॅलोजन बंधात शिरतो, दोन्ही तुकडे आपल्यावर घेतो आणि शून्यावरून दोनवर जातो. बंध जितका कमजोर तितकं हे सोपं. फिनाइल आयोडाइडमधला बंध सुमारे ६५ किलोकॅलरी प्रति मोल, ब्रोमाइडमधला ८१ आणि क्लोराइडमधला ९६. आयोडाइड पटकन जातो, ब्रोमाइड गरम केल्यावर जातो आणि साधा क्लोराइड टेट्राकिसला सहसा दाद देत नाही, तो या आकड्यांमुळे. ट्रायफ्लेट (हॅलोजनच्या जागी चालणारा दुसरा गट) साधारण ब्रोमाइडच्या पंगतीत बसतो. रिंगवर इलेक्ट्रॉन ओढणारा गट असेल, विशेषतः पॅरा जागी, तर ही पायरी आणखी वेगाने होते. उलट मेथॉक्सीसारखा इलेक्ट्रॉन देणारा गट तिला मंद करतो. क्लोराइडसाठी पॅलेडियमलाच जास्त इलेक्ट्रॉन द्यावे लागतात आणि त्याच्याभोवती गर्दी करून एखादी जागा रिकामी ठेवावी लागते. म्हणून १९९८ पासून फू आणि बुखवाल्ड यांच्या गटांनी जाडजूड, इलेक्ट्रॉनसमृद्ध फॉस्फिन पुढे आणले. एसफॉस, एक्सफॉस ही तुमच्या फ्रिजमधली नावं त्याच घराण्यातली.

दुसरी पायरी ट्रान्समेटलेशन. बोरॉनवरचा ॲरिल गट, म्हणजे ॲरोमॅटिक रिंग, पॅलेडियमवर यायचा आहे. बोरॉनिक ॲसिड नुसतं असेल तर ते हा गट सोडत नाही, आणि बेस लागतो तो इथे. बेस दोनपैकी एका वाटेने मदत करू शकतो: बोरॉनला हायड्रॉक्साइड जोडून त्याचा ऋणभारित बोरोनेट करणं, किंवा पॅलेडियमवरचा हॅलाइड काढून तिथे हायड्रॉक्साइड बसवणं आणि मग त्या ऑक्सिजनने बोरॉनला धरणं. कुठली वाट खरी यावर अनेक वर्षं वाद चालला. २०११ मध्ये कॅरो आणि हार्टविग यांनी वेग मोजून दुसऱ्या वाटेच्या बाजूने पुरावा दिला. २०१६ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या थॉमस आणि डेनमार्क यांनी कमी तापमानाला एनएमआर करून पॅलेडियम-ऑक्सिजन-बोरॉन अशी साखळी असलेली मधली संयुगं प्रत्यक्ष पाहिली, आणि ती दोन्ही वाटांनी तयार होऊ शकतात हेही दाखवलं. हूडसमोर उभं असताना यातून घ्यायचं ते एवढंच, की हायड्रॉक्साइड हवा आणि हायड्रॉक्साइडसाठी पाणी हवं. सुझुकीत पाणी मुद्दाम घालतात. पूर्ण कोरड्या डायॉक्झेनमध्ये नुसती कार्बोनेटची पूड टाकून रिॲक्शन अडकली, तर पहिला संशय इथे घ्या.

तिसरी पायरी रिडक्टिव्ह एलिमिनेशन. दोन्ही ॲरिल गट पॅलेडियमवर शेजारी शेजारी आले की एकमेकांशी जोडले जातात, बाहेर पडतात आणि पॅलेडियम पुन्हा शून्यावर येतो. शेजारी असणं महत्त्वाचं. समोरासमोर असले तर आधी जागा बदलावी लागते. दोन ॲरिल गट जोडताना ही पायरी क्वचितच त्रास देते. अल्किल गट असेल तर मात्र पॅलेडियम बीटा हायड्रोजन उचलून अल्कीन बाहेर टाकायला टपलेला असतो. म्हणून अल्किल कपलिंग पहिल्याच आठवड्यात हातात घेऊ नये.

या तीन पायऱ्यांच्या बाहेरही बरंच काही चालू असतं. ऑक्सिजन फॉस्फिनला आणि पॅलेडियमला खातो. दोन बोरॉनिक ॲसिड एकमेकांशी जोडली जातात, म्हणजे होमोकपलिंग. बोरॉन गळून त्या जागी हायड्रोजन बसतो, म्हणजे प्रोटोडिबोरोनेशन. ब्रोमाइडच्या जागी हायड्रोजन बसतो तो डिहॅलोजनेशन. आणि लिगँड गमावलेला पॅलेडियम गोळा होऊन काळी पूड बनतो. बिघडलेल्या सुझुकीत यांपैकीच कोणीतरी सापडतं.

हिशेब

४-ब्रोमोॲसिटोफिनोन आणि फिनाइलबोरॉनिक ॲसिड घ्या. दोन्ही स्वस्त, दोन्ही घन, आणि ॲसिटाइल गट इलेक्ट्रॉन ओढत असल्यामुळे पहिली पायरी सोपी. मिळणार ४-ॲसिटाइलबायफिनाइल.

४-ब्रोमोॲसिटोफिनोन (रेणुभार १९९.०५): ५ मिलिमोल, ९९५ मिलिग्रॅम
फिनाइलबोरॉनिक ॲसिड (१२१.९३): १.२ इक्विव्हॅलंट (ब्रोमाइडच्या १.२ पट मोल), ६ मिलिमोल, ७३२ मिलिग्रॅम
पोटॅशियम कार्बोनेट (१३८.२): २ इक्विव्हॅलंट, १० मिलिमोल, १.३८ ग्रॅम
टेट्राकिस (११५५.६): ३ मोल टक्के, ०.१५ मिलिमोल, १७३ मिलिग्रॅम
डायॉक्झेन २० मिली, पाणी ५ मिली

पूर्ण रूपांतर झालं तर ९८१ मिलिग्रॅम प्रॉडक्ट. ब्रोमाइड मोजून एक इक्विव्हॅलंट आणि बोरॉनिक ॲसिड थोडं जास्त, कारण वाटेत गळती होते ती बोरॉनच्या बाजूने. तीन मोल टक्के हे चैनीचं प्रमाण आहे. शिकताना चालतं, किलोच्या बॅचला परवडणार नाही.

सोडियम हायड्रॉक्साइड का नाही? इथे चालेलही, पण ॲसिटाइल गटाला तीव्र बेस दिला की अल्डॉलची वाट उघडते, आणि रेणूत एस्टर असता तर तो हायड्रोलाइझ झाला असता. कार्बोनेट पाण्यात गरजेपुरता हायड्रॉक्साइड देतो. पोटॅशियम फॉस्फेट हा त्याहून थोडा जोरकस पर्याय. ऑर्थो जागी गर्दी असेल तर आधी तो बघा.

पायरी १: बाटल्या तपासा

टेट्राकिसची बाटली उघडून रंग बघा. लिंबासारखा पिवळा, चकाकणारा हवा. तपकिरी किंवा हिरवट झाला असेल तर हवा लागलेली आहे. तो वापरून रिॲक्शन कधी चालते, कधी नाही, आणि न चालणाऱ्या दिवशी तुम्ही उगाच बेसला दोष देत बसता. बाटली फ्रिजमधून काढली की खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच झाकण उघडा. मुंबईच्या पावसाळ्यात थंड बाटली लगेच उघडली तर आतल्या बाजूला दव धरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. वजन झालं की नायट्रोजन मारून, पॅराफिल्म गुंडाळून परत फ्रिजमध्ये.

बोरॉनिक ॲसिडची गंमत वेगळी आहे. तीन रेणू मिळून पाणी टाकतात आणि बोरॉक्सिन नावाचं वलय बनतं. बाटलीत बहुतेक वेळा दोन्हींचं मिश्रण असतं. एनएमआर काढलात तर ॲरोमॅटिक भागात अपेक्षेपेक्षा जास्त शिखरं दिसतात आणि नवा माणूस घाबरून बाटली फेकून देतो. नमुन्यात जड पाण्याचा एक थेंब टाकून पुन्हा बघा. बोरॉक्सिन उघडून जादा शिखरं मिटली तर माल ठीक आहे. कपलिंगला बोरॉक्सिन चालतं, पाण्यात ते परत उघडतं. हिशेबात फरक एवढाच, की बोरॉक्सिनमध्ये दर बोरॉनमागे वजन १०३.९ पडतं, त्यामुळे ७३२ मिलिग्रॅममध्ये सहाऐवजी सात मिलिमोल बोरॉन येऊ शकतो. सुझुकीत हे चालून जातं, पण इक्विव्हॅलंट बरोबर मोजायचे असतील तेव्हा लक्षात ठेवा.

हातमोजे घालाच. बरीच बोरॉनिक ॲसिड्स एम्स चाचणीत (जिवाणूंवर करायची चाचणी) म्युटाजेनिक, म्हणजे जनुकांत बदल घडवणारी, ठरली आहेत. पांढरी निरुपद्रवी पावडर दिसते म्हणून हलगर्जीपणा नको. डायॉक्झेनही हूडच्या बाहेर आणायचा नाही. तो कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, आणि जुन्या बाटलीत पेरॉक्साइड साठतं, तेव्हा आधी पेरॉक्साइडची पट्टी बुडवून बघा.

पायरी २: हवा काढा

सगळ्यात जास्त आळस इथे होतो आणि सगळ्यात जास्त रिॲक्शन इथेच मरतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

१०० मिलीची दोन तोंडी आरबी (गोल बुडाचा फ्लास्क) घ्या. ब्रोमाइड, बोरॉनिक ॲसिड आणि मॅग्नेटिक बीड टाका. डायॉक्झेन ओता, पोटॅशियम कार्बोनेट ५ मिली पाण्यात विरघळवून तेही ओता. एका तोंडाला कंडेन्सर, दुसऱ्याला सेप्टम. कॅटॅलिस्ट अजून नाही.

आता लांब सुईने नायट्रोजन द्या, आर्गॉन असेल तर उत्तम. सुईचं टोक द्रवाच्या आत, जवळजवळ तळाशी हवं. वायू बाहेर जायला कंडेन्सरच्या टोकाला सेप्टम लावून त्यात दुसरी बारीक सुई खोचा. स्टरिंग चालू ठेवून पंधरा-वीस मिनिटं बुडबुडे जाऊ द्या.

बरेच जण याऐवजी वर नायट्रोजनचा फुगा लावतात आणि डिगॅस झालं, म्हणजे विरघळलेली हवा निघाली, असं वहीत लिहितात. दार लावून घेतलं म्हणून खोलीत आधीच कोंडलेला धूर जात नाही. फुगा बाहेरची हवा आत येऊ देत नाही इतकंच. द्रावणात विरघळलेला ऑक्सिजन तसाच राहतो, आणि तो काढायला वायू द्रवातूनच जावा लागतो. पाण्याचा भागही सोबतच डिगॅस झाला पाहिजे. आधी डायॉक्झेन नीट डिगॅस करून मग नळाजवळच्या बाटलीतलं पाणी तसंच ओतणं म्हणजे केलेल्या कामावर पाणीच. बोरॉनचा जोडीदार आणि पॅलेडियम यांना ऑक्सिजन भेटला की होमोकपलिंग होतं आणि आपल्या बाबतीत बायफिनाइल मिळतं. टीएलसीवर (सिलिकाच्या पातळ थरावर मिश्रणातले घटक वेगळे करून बघायची चाचणी) सर्वांत वर धावणारा जाड ठिपका दिसला तर हवा काढण्यात कुचराई झाली, असा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही.

आता टेट्राकिस. सेप्टम क्षणभर काढा, वाहत्या नायट्रोजनखाली पावडर टाका, सेप्टम लगेच बसवा. आणखी पाच मिनिटं बुडबुडे. मग सुई द्रवाच्या वर ओढून घ्या, कंडेन्सरच्या वर फुगा लावा, आणि नायट्रोजन बंद करून दोन्ही सुया काढा. फुगा असल्यामुळे आतला दाब वाढत नाही. पूर्ण बंद भांडं तापवायचं नाही, हे सांगायला नको.

कॅटॅलिस्ट शेवटी का? आधी टाकला तर वीस मिनिटं तो ऑक्सिजनसोबतच फिरत असता.

पायरी ३: तापवा आणि बघत राहा

ऑइल बाथ ९० अंश सेल्सिअसला. डायॉक्झेन आणि पाणी यांचं मिश्रण ८८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे हलकं रिफ्लक्स दिसेल. स्टरिंग जोरात ठेवा. कार्बोनेट भरपूर असल्याने द्रावणाचे दोन थर पडू शकतात आणि बोरोनेट पाण्यात, ब्रोमाइड वर असा संसार झाला तर ट्रान्समेटलेशन होणार कुठे?

रंगावर नजर ठेवा. सुरुवातीला पिवळं, मग नारिंगी किंवा तपकिरी. शेवटी ब्रोमाइड संपल्यावर काळपट होणं स्वाभाविक आहे, कारण खायला काही न उरलेला पॅलेडियम गोळा होतो. पहिल्या पाच मिनिटांतच भांड्याच्या कडेला काळा थर धरला तर कॅटॅलिस्ट गेला समजा. अशा वेळी रात्रभर तापवत ठेवून काही मिळत नाही.

टीएलसीसाठी हेक्झेनमध्ये दहा टक्के इथाइल ॲसिटेट. या रिॲक्शनमध्ये एक सापळा आहे: ब्रोमाइड आणि प्रॉडक्ट हे दोन्ही ॲरिल कीटोन, आणि त्यांचे आरएफ (प्लेटवर चढण्याचं प्रमाण) अगदी जवळ येतात. त्यामुळे तीन रेघा मारा: ब्रोमाइड, रिॲक्शन मास, आणि मधे दोन्हींचा कोस्पॉट. कोस्पॉटमध्ये ठिपका लांबट किंवा जोडठिपका दिसतो का ते बघा. कीटोनला रंग देणारा डीएनपीचा स्टेन इथे उपयोगाचा नाही, दोन्ही कीटोन नारिंगी होणार. एलसीएमएस किंवा जीसीएमएस (घटक वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारी यंत्रं) हाताशी असेल तर सरळ त्यावर टाका. प्रॉडक्टचं वस्तुमान १९६. ब्रोमाइडला १९८ आणि २०० अशी जवळजवळ सारख्या उंचीची जोडी येते आणि ती संपली की रिॲक्शन संपली. १२० दिसलं तर ते ॲसिटोफिनोन, म्हणजे डिहॅलोजनेशन. दोन-तीन तासांत काम व्हायला हवं.

पायरी ४: वर्कअप आणि कॉलम

थंड करा, इथाइल ॲसिटेट घाला आणि सेलाइटच्या (गाळायला वापरायची बारीक पूड) थरातून गाळा. थर कोरडा पडू देऊ नका, आणि काम झाल्यावर ओलाच पॅलेडियमच्या वेगळ्या कचऱ्यात टाका. बारीक विभागलेला धातू, कोरडा सेलाइट आणि सॉल्व्हंटची वाफ एकत्र ठेवणं धोक्याचं. मग नेहमीचं: पाणी, ब्राइन (मिठाचं संपृक्त पाणी), सोडियम सल्फेट, रोटा (सॉल्व्हंट उडवणारं यंत्र).

क्रूड तपकिरी दिसेल. सिलिका कॉलम हेक्झेनने सुरू करून हळूहळू पाच टक्के इथाइल ॲसिटेटपर्यंत न्या. सर्वांत आधी बायफिनाइल आणि ट्रायफिनाइलफॉस्फिन पळतात, मग प्रॉडक्ट. ट्रायफिनाइलफॉस्फिन ऑक्साइड एवढ्या कमी ध्रुवीयतेला वरच चिकटून राहतं. घाई करून पंधरा-वीस टक्क्यांवर उडी मारू नका, रंगीत कचरा मागोमाग उतरतो. मग इथेनॉलमधून क्रिस्टल काढा. पांढरे किंवा किंचित पिवळट क्रिस्टल, वितळणबिंदू १२० अंशांच्या आसपास. नव्वद टक्क्यांच्या आगेमागे यील्ड आला तर हात बसला म्हणायला हरकत नाही.

एनएमआर क्लोरोफॉर्ममध्ये काढला की ८.०३ ला दोन हायड्रोजनचा डबलेट, ७.६९ ला आणखी एक, मग ७.६३, ७.४८ आणि ७.४० ला नव्या रिंगचे, आणि २.६४ ला मिथाइलचा सिंगलेट. ब्रोमाइड उरला असेल तर त्याचे ७.८२ आणि ७.६१ ला डबलेट आणि मिथाइल २.५९ ला. टीएलसीवर लपलेला ब्रोमाइड त्या २.५९ वर उघडा पडतो. तिथे एक छोटंसं शिखर दिसलं तर त्याकडे डोळेझाक करू नका.

अडली तर कुठे बघायचं

अडलेल्या रिॲक्शनमध्ये काय शिल्लक आहे ते आधी शोधा, बदल नंतर.

ब्रोमाइड आणि बोरॉनिक ॲसिड दोन्ही शाबूत असतील तर चक्र सुरूच झालेलं नाही किंवा लगेच थांबलं. भांडं काळं झालंय का? मग हवा किंवा खराब कॅटॅलिस्ट. काळं नाही, पण हॅलाइड हट्टी आहे, म्हणजे क्लोराइड आहे किंवा रिंग इलेक्ट्रॉनने भरलेली आहे? मग ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन अडलं. लिगँड बदला, एक्सफॉससारखा घ्या. बेस बदलून इथे काही होणार नाही.

ब्रोमाइड शिल्लक आणि बोरॉनिक ॲसिड संपलेलं, हा प्रकार जास्त वेळा दिसतो. बायफिनाइलसारखं काही भरपूर मिळालं तर होमोकपलिंग, म्हणजे पुन्हा हवा काढायच्या पायरी २ कडे. नुसतं अरीन, म्हणजे बोरॉन गळालेली रिंग, मिळालं, किंवा ते हलकं असल्याने उडून गेलं आणि काहीच मिळालं नाही, तर प्रोटोडिबोरोनेशन. यात २-पिरिडिलबोरॉनिक ॲसिड कुप्रसिद्ध आहे: तटस्थ पाण्यात ७० अंशांना त्याचं अर्धायुष्य एका मिनिटाच्याही आत भरतं. त्याच्यावर इक्विव्हॅलंट वाढवत बसणं म्हणजे पैसे जाळणं. शक्य असेल तर जोडीदारांची अदलाबदल करा, पिरिडीनवर ब्रोमाइड ठेवा आणि बोरॉन दुसऱ्या रिंगवर. ते जमत नसेल तर एमआयडीए बोरोनेट किंवा ट्रायफ्लुओरोबोरेट असं हळूहळू बोरॉनिक ॲसिड सोडणारं रूप वापरा. पिनाकॉल एस्टर हाताळायला सोपा असतो, पण पाणी आणि बेस मिळाला की तोही कमीअधिक उघडतो, तेव्हा त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नका.

रेणूत पिरिडीन, थायोइथर, मोकळा अमीन असं पॅलेडियमला धरून ठेवणारं काही असेल तर चक्र मंदावतं. तिथे घट्ट दोन हातांनी धरणारा लिगँड, उदाहरणार्थ डीपीपीएफवालं पॅलेडियम डायक्लोराइड, बरेचदा तारून नेतं. माझ्या मते प्रयोगशाळेत एकच कॅटॅलिस्ट ठेवायचा झाला तर टेट्राकिसपेक्षा हा ठेवावा: नारिंगी पावडर, हवेत टिकते, वजन करताना धावपळ नाही. इथे टेट्राकिस घेतलं ते आधीच शून्यावर असल्याने चक्र समजावायला सोपं जातं म्हणून.

उरलेला पॅलेडियम

औषध कंपनीत गेलात तर यील्डच्या आधी हा प्रश्न येईल. आयसीएच क्यू३डी या, औषधांतल्या धातूंच्या अंशांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनेनुसार तोंडाने घ्यायच्या औषधातून पॅलेडियम दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पोटात जाऊ नये. इंजेक्शनसाठी ही मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. दिवसाचा डोस एक ग्रॅम असेल तर औषधात १०० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत १०० भाग) चालतं, डोस दहा ग्रॅम असेल तर १० पीपीएम.

आपल्या भांड्याशी हे जुळवून बघू. ०.१५ मिलिमोल टेट्राकिस म्हणजे सुमारे १६ मिलिग्रॅम पॅलेडियम. तो सगळा ९८१ मिलिग्रॅम प्रॉडक्टसोबत राहिला तर सोळा हजार पीपीएमच्या वर जातो. सेलाइट आणि कॉलम बराचसा काढतात, पण नायट्रोजन किंवा गंधक असलेला रेणू पॅलेडियमला सोबत घेऊनच कॉलममधून उतरतो. मग ॲक्टिव्हेटेड चारकोल, थायॉल लावलेली सिलिका, एन-ॲसिटाइलसिस्टीन किंवा ट्रायमर्कॅप्टोट्रायाझीन यांनी तो धुऊन काढतात आणि आयसीपीएमएसवर (धातूंचे सूक्ष्म अंश मोजणारं यंत्र) मोजतात. प्रोसेसची मंडळी त्यापेक्षा आधी कॅटॅलिस्टच ०.१ मोल टक्क्यावर किंवा त्याखाली आणायच्या मागे असतात, कारण जो टाकलाच नाही तो काढावाही लागत नाही. शिवाय कपलिंग शक्यतो शेवटच्या टप्प्याला ठेवत नाहीत, म्हणजे नंतरच्या क्रिस्टलायझेशनमध्ये धातू गळत जातो.

दुसरी रिॲक्शन कुठली लावावी

पहिली जमली की लगेच अवघड रेणूकडे धावू नका. हीच मापं, हेच भांडं, फक्त ४-ब्रोमोॲसिटोफिनोनच्या जागी ५ मिलिमोल, म्हणजे ९३५ मिलिग्रॅम ४-ब्रोमोॲनिसोल घ्या. तो द्रव आहे, सिरिंजने घ्या आणि वजनाने मोजा. दर अर्ध्या तासाला नमुना काढून जीसीएमएसवर टाका आणि पहिल्या रिॲक्शनचे नमुने शेजारी ठेवा. मेथॉक्सीने ऑक्सिडेटिव्ह ॲडिशन किती मंदावलं ते स्वतःच्या आकड्यांत दिसेल. त्यानंतर ४-क्लोरोॲनिसोल टेट्राकिसवर लावून बघा. ते बहुधा जागचं हलणार नाही. मग तेच एक्सफॉसचा प्रीकॅटॅलिस्ट आणि पोटॅशियम फॉस्फेट घेऊन पुन्हा लावा. डिगॅसिंगला तेव्हाही तीच पंधरा-वीस मिनिटं द्यायची आहेत.